वेदना, उदासी आणि झोप : अनुभवाचे व्याकरण

‘मला दुखते’, ‘मला उदास वाटते’, ‘मला झोप येत नाही’ ही वाक्ये पाहा. अनुभव घेणारी व्यक्ती येथे प्रथमेत नाही, चतुर्थीत आहे. आसेगावसारख्या वाशिम जिल्ह्यातील गावी वऱ्हाडीत ‘मले झोप येत नाही’ म्हणतात, रचना तीच. अंथरुणावर पडणे आपल्या हाती असते, झोप ‘येणे’ नसते.

संधिवातासारख्या दीर्घकालीन आजारात हे तिन्ही अनुभव परस्परांत गुंततात. वेदनेने झोप मोडते, अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवते आणि मन खचले की दोन्ही बळावतात. रुग्ण मात्र एवढेच सांगतो : ‘झोप नाही.’ माझ्या आईकडून आम्ही वर्षभर हेच ऐकले. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. वस्तुतः ‘झोप लागत नाही’, ‘कूस बदलताना कळ येऊन झोप मोडते’ आणि ‘पहाटेच जाग येते, मग काही नकोसे वाटते’ ही तीन भिन्न विधाने आहेत. तिसऱ्यामागे नैराश्य असू शकते. केवळ वेदनाशामक देऊन ते हटत नाही.

रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅक्गिल वेदना-प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. त्यांत संवेदनेच्या शब्दांबरोबर थकवा आणि भीती दर्शविणारे शब्दही आहेत. मराठीतील ठणका, चमक, ठसठस, सल यांचे असे वर्गीकरण करून पाहावे; ‘सल’ कोणत्या गटात घालावा, येथे तुम्ही अडाल.

उपक्रम : परिचयातील दीर्घकाळ आजारी व्यक्ती झोपेविषयी कोणती क्रियापदे वापरते, ते तिच्या संमतीने, तिच्याच बोलीत आठवडाभर नोंदवा.