निकटच्यांशी सौजन्य

गीतेच्या ११ व्या अध्यायात विश्वरूप पाहून भयभीत झालेला अर्जुन भगवंतांची क्षमा मागतो. ती कोणत्या अपराधाबद्दल, हे पाहण्याजोगे आहे. ४१ व ४२ या श्लोकांत कोणत्याही महापातकाचा उल्लेख नाही. सखा समजून, अनवधानाने वा प्रेमाने, त्याने त्यांना नुसत्या नावाने हाक मारली. खेळताना, निजताना, बसताना, जेवताना, एकान्ती वा चारचौघांत थट्टेने अनादर केला, एवढेच.

अनादर घडला तो परक्याचा नव्हे, अगदी जवळच्याचा. गृहस्थाच्या घरी नित्य हेच घडते. कचेरीत वरिष्ठांपुढे मृदू बोलणारा मनुष्य घरी पाण्याचा तांब्या क्षणभर उशिरा आला की पत्नीवर ओरडतो. वृद्ध पित्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर त्याला तोडून टाकतो. मोलकरणीला तर नावही नसते. ‘ए’ म्हटले की झाले! (कचेरीतले ते मार्दव सौजन्य की भय, हे ज्याचे त्याने ठरवावे.) प्रेम असता उपचार कशाला, असे तो म्हणतो. प्रेमाची सबब अर्जुनाजवळही होती. तो तिच्याआड लपला नाही.

उद्वेग न देणाऱ्या वाणीला १७ व्या अध्यायात तप म्हटले आहे; मात्र ती सत्य, प्रिय व हितकर असावी लागते. नुसत्या गोडव्याने ते साधत नाही.

साधकाने आरंभ घरातूनच करावा. उशीर होणार असल्यास निरोप धाडावा. निजलेल्याच्या उशाशी दिवा लावू नये. वाढणारी माउली मागाहून जेवते. तिच्यापुरती भाजी उरली आहे ना, हे पाहून मगच पुन्हा मागावी.