कळा आणण्यापूर्वीचे मोजमाप

औषधाने कळा आणण्यापूर्वी गर्भपिशवीचे तोंड, म्हणजेच गर्भाशयग्रीवा, कितपत तयार आहे हे पाहण्यासाठी एडवर्ड बिशप यांनी 1964 मध्ये मांडलेली गुणपद्धती आजही वापरली जाते. तीत तोंडाचा उघडेपणा, पातळपणा, मऊपणा व दिशा आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच गोष्टी बोटांनी तपासून 13 पैकी गुण देतात. ही पद्धती मुळात आधी बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी बेतलेली होती, याचा पहिलटकरणीला गुण देताना सहसा विसर पडतो.

बोटांना ग्रीवेचा वरचा भाग लागत नाही, आणि बाहेरचे तोंड बंद असेल तर आतले उघडू लागले आहे का, हेही कळत नाही. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत मात्र आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंतची लांबी सरळ मोजता येते. तरीही प्रसूतिकक्षातला अनुभव असा, की यंत्रावरचा आकडा जितका नेमका दिसतो तितका तो असतोच असे नाही. मूत्राशय भरलेले असले किंवा प्रोब दाबून धरला, तर ग्रीवा आहे त्याहून लांब दिसते. म्हणून लघवी करून आल्यावर, प्रोब जेमतेम टेकवून, काही मिनिटांत तीन मोजमापे घ्यावीत आणि त्यांतले सर्वांत लहान धरावे. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच राहून जाते.

याहून मोठी चूक आकड्याचा अर्थ लावताना होते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 240 स्त्रियांच्या एका अभ्यासातून 28 मिलिमीटर ही सीमा पुढे आली, पण तिथे यश म्हणजे 24 तासांच्या आत योनिमार्गे प्रसूती, असे ठरवलेले होते. म्हणजे 32 मिलिमीटर लांबी ‘वेळ लागेल’ एवढेच सुचवते, ‘सिझेरियनच करावे लागेल’ असे नव्हे. पण अहवाल हाती पडताच नातेवाईक, आणि कधीकधी डॉक्टरही, दुसराच अर्थ घेऊन मोकळे होतात. अशा ग्रीवेला आधी प्रोस्टाग्लँडिन किंवा फोलीचा फुगा वापरून मऊ होऊ द्यावे लागते, आणि पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन किमान 12 ते 18 तास चालू राहिल्याशिवाय, आई व बाळ सुखरूप असतील तर, प्रयत्न फसला असे म्हणू नये. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, कारण जुना व्रण उसवण्याचा धोका असतो. तिथे ग्रीवेची लांबी कितीही अनुकूल असली तरी हा नियम बदलत नाही.

सोनोग्राफीने बोटांच्या तपासणीची जागा घ्यावी, असे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. दोन्हींची तुलना करणाऱ्या मोजक्या चाचण्यांत प्रसूतीच्या निष्पत्तीत स्पष्ट फरक आढळलेला नाही. त्यामुळे जिथे प्रशिक्षित हात नाही तिथे सोनोग्राफीचा आग्रह धरू नये, आणि जिथे ती होते तिथे लांबीबरोबर हे पहिले बाळंतपण आहे का आणि दिवस किती भरले आहेत, याची नोंद त्याच कागदावर असावी. भारतात गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीप्रमाणे याही तपासणीचा ‘एफ’ फॉर्म भरावाच लागतो.