शनिवारची पानगोष्ठी आणि सोमवारचे 'अम्लपित्त' : ध्वंसक-विक्षयाचा एक विचार

सोमवारी सकाळी आमच्या परळ येथील चिकित्सालयात तिशीच्या आसपासचे जे रुग्ण येतात, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या केसपेपरवर एकच निदान लिहिलेले आढळेल : अम्लपित्त. वैद्यबांधवांनी आपापल्या नोंदी चाळल्यास महानगरात याहून वेगळे चित्र दिसेल असे वाटत नाही. हे निदान पुष्कळदा अपुरे असते आणि काही वेळा चुकीचे असते, असे आमचे आता मत झाले आहे. या मतास कारण झालेला रुग्ण प्रथम मांडतो.

पुरुष, वय ३१, लोअर परळला कचेरी, वास्तव्य डोंबिवलीस. तक्रारी : छातीत जळजळ, अन्नद्वेष, शिरःशूल, अंग मोडून येणे, दिवसभर झापड. व्यसनाच्या रकान्यात आम्हीच आमच्या हाताने 'नाही' असे लिहिले होते. सूतशेखर, कामदुधा, रात्री अविपत्तिकर चूर्ण अशी योजना केली. बुधवारपर्यंत उपशय मिळे; पुढच्या सोमवारी रुग्ण पुन्हा दारात. असे तीन महिने चालले. बुधवारचा उपशय आम्ही औषधाच्या खात्यावर जमा करीत होतो. औषध न देताही तो बुधवारीच मिळाला असता, हे ध्यानात येण्यास तीन महिने लागले, याची कबुली देण्यास संकोच वाटतो. परंतु ती दिल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ नाही.

एका सोमवारी तो सहज म्हणाला, "डॉक्टर, घरी कुकरची शिट्टी झाली तरी सहन होत नाही. आईवर ओरडलो." शब्दासहत्व हे अम्लपित्ताचे लक्षण नव्हे. शिवाय तोंडास पाणी सुटणे आणि त्याच वेळी घसा कोरडा पडणे ही जोडी त्याने पूर्वीही सांगितली होती, ती आम्ही लिहून विसरलो होतो. त्या रात्री चरकाचे चिकित्सास्थान उघडले. चोविसाव्या अध्यायात, मदात्ययाच्या विस्तृत वर्णनाच्या शेवटाकडे, ज्या दोन विकारांकडे पदवी अभ्यासक्रमात आपण चार गुणांची टीप म्हणून पाहिले, ते ध्वंसक आणि विक्षय तेथे आहेत. कफप्रसेक, कंठ व मुखाचा शोष, शब्द सहन न होणे, तंद्रा व निद्रा यांचा अतियोग हा ध्वंसक. हृदय व कंठाच्या ठिकाणी पीडा, संमोह, छर्दि, अंगरुजा, ज्वर, तृष्णा, कास, शिरःशूल हा विक्षय. यांचा हेतु आचार्यांनी नेमक्या शब्दांत सांगितला आहे. जो मद्य सोडून राहतो आणि मग एकाएकी अतिमात्रेत घेतो, त्याला हे होतात. नित्य पिणारा येथे अभिप्रेत नाही. आठवड्याचे सहा दिवस न पिणारा आणि सातव्या रात्री भरून काढणारा, असा हा रुग्ण आहे. महानगरातील शनिवारचे याहून अचूक वर्णन आमच्या वाचनात नाही.

मग रुग्णाने 'व्यसन नाही' असे खोटे सांगितले काय? मुळीच नाही. त्याच्या लेखी व्यसनी म्हणजे देशीच्या गुत्त्याबाहेर पडलेला मनुष्य. तो तर मित्रांसह जेवायला जातो. चूक प्रश्नाची होती. तेव्हापासून आम्ही 'पिता का?' हा प्रश्न सोडून दिला. 'शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत काय काय झाले, तासागणिक सांगा' असे विचारतो. या रुग्णाचे उत्तर पुढीलप्रमाणे होते.

शनिवारी सुट्टी, उशिरा उठणे, दुपारी नुसता चहा. रात्री नऊला मिलच्या आवारातील एका बारमध्ये. (ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर या भागातील घरे उठत आणि जेवत, त्यांच्याच आवारांत आता रात्री दीडपर्यंत संगीत चालते. आमच्या वडिलधाऱ्या रुग्णांना त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.) रिकाम्या पोटी थंडगार स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली, सोबत मसाला शेंगदाणे व तळलेले बटाटे. त्यावर व्हिस्कीचे तीन लार्ज, चिकन लॉलीपॉप, पनीर चिली. दीडला बार बंद. तोवर शेवटची लोकल गेलेली, म्हणून टॅक्सीने कुलाबा. ताजमहाल हॉटेलच्या मागील गल्लीत बडेमियाँकडे बैदा रोटी, पुढे मरीन ड्राइव्हवर आइस्क्रीम. पहाटे चारनंतरची पहिली गाडी. सहाला घरी; आईने केलेल्या इडल्या चटणीसह खाऊन जी झोप घेतली ती दुपारी दोनपर्यंत. उठल्यावर डोके दुखते म्हणून अनशेपोटी वेदनाशामक गोळी, नंतर रविवारचे मटण.

अनशन, त्यावर तीक्ष्ण मद्य, अध्यशन, मांसाशनानंतर दुग्धजन्य शीत पदार्थ, रात्रिजागरण, भुक्त्वा दिवास्वप्न, अजीर्णे भोजन! स्वस्थवृत्ताच्या परीक्षेत हेतूंची यादी विचारली असती तर एखाद्या विद्यार्थ्याने याहून कमीच लिहिली असती.

आता मात्रेचा हिशेब पाहू, कारण रुग्णास तोच पटतो. ६० मिली व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क धरल्यास शुद्ध मद्यार्क सुमारे २० ग्रॅम होतो. ६५० मिली स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर सुमारे ४१ ग्रॅम; म्हणजे 'नुसती बिअर' ही दोन लार्जच्या बरोबरीची. या रुग्णाची एकूण मात्रा १०० ग्रॅम भरली. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचे विघटन करते. रात्री नऊला प्रारंभ केला तरी सकाळी सात ते अकराच्या दरम्यान कोठे रक्त मोकळे होणार. इडली खाताना मद्य अद्याप रक्तात होते, असे सांगितल्यावर रुग्ण प्रथमच गंभीर झाला.

संप्राप्तीच्या दृष्टीने रविवार आणि सोमवार यांत भेद करावा असे आम्ही सुचवितो. रविवारचे आध्मान, अम्ल उद्गार, विदाह हे सुश्रुताने उत्तरतंत्रात सांगितलेल्या पानाजीर्णाचे रूप आहे. तेथे आमदोष प्रधान. सोमवार-मंगळवारी जे उरते ते वातप्रधान. मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी, विशद हे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध असल्याने ओजाचा क्षोभ होतो, आणि जागरणाने रौक्ष्य वाढून वायूस वाट मिळते. अम्लपित्त समजून सोमवारीही शीत, रूक्ष पित्तशामक योजना चालू ठेवली तर आपण वायूस साहाय्यच करीत असतो. आमच्या रुग्णाबाबत तसेच झाले. चरकाने या दोहोंत वातिक मदात्ययाची चिकित्सा सांगितली आहे; बस्ति, घृतपान व क्षीरप्रयोगास तेथे महत्त्व आहे. मात्र आम असता दूध-तूप सुरू करू नये.

आम्ही केलेली योजना : रविवारी लंघन, लाजमंड, तृष्णेसाठी खर्जूरादि मंथ. खजूर, द्राक्षा, डाळिंब, चिंच, आवळा ही द्रव्ये कोठेही मिळतात, फालसा हंगामात. औषधालयांनी हा मंथ ताजा करून घेण्याची कृती छापून ग्राहकास दिली तर फार उपकार होतील, कारण बाटलीबंद सरबतापेक्षा तो निश्चित बरा. सोमवारपासून अग्नि पाहून क्षीर-घृत, आठ दिवस तिळतेलाची मात्राबस्ति. निद्रेविषयी वाग्भटाचा नियम येथे सोन्यासारखा उपयोगी पडला : असात्म्य जागरण झाले असता त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता, निजावे. झोप आणि इडली यांचा क्रम केवळ उलटा केला, तरी पुढील वेळी तंद्रा बरीच कमी होती.

एक व्यवच्छेद सांगितला पाहिजे. त्याच बारमधील कॅप्टन, वेटर व आचारी हेही आमचे रुग्ण आहेत. त्यांच्यापैकी कित्येक मद्यास शिवत नाहीत. तरी शिरःशूल, विबंध, अन्नद्वेष हीच लक्षणे सांगतात. त्यांचा हेतु रात्री दोनचे जेवण आणि पहाटेची झोप एवढाच. मोठ्या संगीताशेजारी रात्र काढणाऱ्यास कर्णनाद होतो तोही केवळ ध्वनीमुळे असू शकतो. प्रत्येक गोष्ट मद्याच्या माथी मारू नये.

मदात्ययात मद्यच द्यावे, हा प्राचीन उपक्रम आज कोणी चिकित्सालयात वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नित्य पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास पहिल्या एक-दोन दिवसांत कंप व आक्षेप, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी प्रलाप उद्भवू शकतो. असा रुग्ण रुग्णालयाचा आहे. तसेच 'थोडी घेतलेली चांगली' हे वाक्य वैद्याच्या तोंडी नसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही असे सांगितले, आणि मद्याची गणना कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात १९८८ पासूनच आहे.

याहून गंभीर चूक आमच्या हातून दुसऱ्या एका रुग्णाबाबत झाली. मधुमेही गृहस्थ, वय ५२, ग्लिमेपिराइड चालू, सोबत आमची गुडमारयुक्त वटी. आहाराविषयी आम्ही तासभर बोललो होतो. मद्याविषयी एक शब्दही नाही. घरच्या साखरपुड्यानंतर मित्रांनी त्यांना बारमध्ये नेले. दोन-तीन पेग झाले, 'शुगर आहे म्हणून' जेवण टाळले. बोलणे अडखळू लागले, घाम फुटला, मग ते मान टाकून बसले. मित्रांनी 'चढली' म्हणून टॅक्सीत निजविले. मुलीस शंका आली म्हणून रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तशर्करा ३४ निघाली. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून ते वाचले. मद्य यकृतातील शर्करानिर्मिती रोखते. त्यात शर्करा उतरविणारे औषध आणि अनशन यांची भर पडली. शर्कराक्षय व मद्याची धुंदी बाहेरून एकसारखी दिसतात. मधुमेह्याच्या केसपेपरवर हा प्रश्न नसणे हा आमचा दोष होता, मित्रांचा नव्हे.

औषधालयाच्या चालकांसाठी काही गोष्टी. सोमवारी सकाळी काउंटरवर येणारा ग्राहक वैद्याकडे जात नाही. त्याचा वैद्य तुम्हीच. अनशेपोटी डायक्लोफेनॅक मागितल्यास देऊ नये, आमाशयातून रक्तस्राव होऊ शकतो. नित्य पिणाऱ्यास पॅरासिटामॉलही यकृतास घातक ठरू शकते. शनिवारी सायंकाळी 'पार्टीच्या आधी घ्यायचे लिव्हर टॉनिक' मागणारे वाढले आहेत. असे कोणतेही औषध आधी घेतल्याने पुढील मद्य निरुपद्रवी होत नाही, हे ग्राहकास सांगावे, विक्री बुडाली तरी सांगावे. मद्य सोडविण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यास आसव-अरिष्ट देऊ नये, गोळी बंद केल्यापासून दोन आठवडेही नाही. ८ टक्के मद्यार्काच्या २० मिली अरिष्टात सव्वा ग्रॅम मद्यार्क असतो. निरोग्यास तो काहीच नव्हे, परंतु डायसल्फिरामवर असलेल्यास तेवढ्यानेही हृद्द्रव, मुखरक्तता, छर्दि होऊ शकते. चूर्ण वा वटी द्यावी. (नाकाबंदीत सापडल्यावर 'वैद्यांनी दशमूलारिष्ट दिले आहे' असे सांगणारेही आमच्या माहितीत आहेत. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची आहे. चार चमचे अरिष्टाने प्रौढ मनुष्य तेथवर पोहोचत नाही, हे आम्ही त्यांना ऐकविले.)

आणि ज्यास औषध देऊच नये असा ग्राहक : ज्याच्या सोबत्याला जाग येत नाही, श्वास मंद वा अनियमित आहे, त्वचा थंड आहे, किंवा ज्यास रक्ताची उलटी, काळे शौच वा झटका आला आहे. त्यास कुशीवर निजवून १०८ ला कळवावे. तोंडात लिंबूपाणी घालू नये. दुसऱ्या दिवशी धूसर दिसते अशी तक्रार आली तर पित्त म्हणून नेत्रबिंदु देऊ नयेत. मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली, त्या मिथेनॉलचे हे एक लक्षण आहे.

पहिला रुग्ण अद्याप येतो, परंतु सोमवारी नव्हे. त्याने बाहेर जाणे सोडलेले नाही, तशी आमची अपेक्षाही नव्हती. सातला घरून पोळी-भाजी खाऊन निघतो, महिन्यातून एकदा, दोन पेग, आणि शेवटची लोकल पकडतो. कुकरची शिट्टी सहन होते. गेल्या वर्षी आम्ही केसपेपर नव्याने छापले, त्यात 'व्यसन' हा रकाना काढून 'शनिवारची रात्र' असा चार ओळींचा रकाना केला. स्त्रीरुग्णांनाही तोच प्रश्न विचारतो, मात्र सासू वा आई खोलीबाहेर गेल्यावर. त्यांच्यात ध्वंसकाची लक्षणे कमी मात्रेत व लवकर दिसतात, असे मोजक्या नोंदींवरून आम्हांस वाटते. वैद्यबांधवांनी व विशेषतः वैद्यभगिनींनी याविषयीची आपली निरीक्षणे, मात्रा ग्रॅममध्ये मोजून, संपादकांकडे पाठवावीत.