बसून केलेले कामही अंगावर येते

आपल्या वस्त्यांमधून आता मुले-मुली बी.कॉम., एम.कॉम. होऊन, सीएची आर्टिकलशिप करून मोठ्या कर-सल्लागार फर्ममध्ये लागू लागली आहेत. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग, काचेच्या इमारतीतले ऑफिस. घराला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण आरोग्य तपासणीच्या निमित्ताने वस्तीत फिरताना याच मुलांच्या तक्रारी आम्ही ऐकतो. झोप येत नाही, मान आखडते, पित्त उसळते, छातीत धडधडते. घरात त्यावर एकच उत्तर मिळते, "बसून तर काम आहे, त्यात दमायचं काय?" हमाली केलेल्या, नाका कामगार म्हणून राबलेल्या आईवडिलांना असे वाटणे साहजिक आहे. म्हणून हे काम नेमके काय असते ते आधी समजून घेऊ.

काम काय असते?

नव्या माणसाकडे मोठ्या कंपन्यांची कागदपत्रे येतात. विवरणपत्र तयार करायचे, जीएसटीची खरेदी पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवायची, टीडीएसचे आकडे तपासायचे, खात्याच्या नोटिशीला उत्तराचा मसुदा करायचा. एक रक्कम चुकली तर ग्राहकाला व्याज आणि दंड बसतो. त्यामुळे केलेले काम वरिष्ठ तपासतात, शेरे मारून परत पाठवतात, आणि रात्री नऊला आलेले शेरे सकाळपर्यंत दुरुस्त करून मागतात.

या कामाला तारखांचा फास असतो. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा बहुतेक ग्राहकांसाठी दर महिन्याला येतात. पगारदारांची विवरणपत्रे ३१ जुलैला, टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरला, त्या कंपन्यांची विवरणपत्रे ३१ ऑक्टोबरला. परदेशी व्यवहार असलेल्या कंपन्यांचे काम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालते. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेची विवरणपत्रे करणाऱ्यांचा हंगाम वेगळा. त्यांची जानेवारी ते १५ एप्रिल धावपळ, आणि मुदतवाढ घेतलेल्यांसाठी पुन्हा १५ ऑक्टोबर. सरकारने तारीख वाढवली की लोकांना हायसे वाटते, पण या मुलांचा हंगाम तेवढाच लांबतो. २०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबरवरून १० नोव्हेंबरपर्यंत गेली. ताण सहा आठवडे वाढला.

शरीरावर काय परिणाम होतो?

सकाळी दहा ते रात्री दहा, आठवड्याचे सहा दिवस. जेवणाचा रोज एक तास वजा केला तरी आठवड्याचे ६६ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे बसून केलेले कामही शरीरावर चढते. हमालाचा घाम दिसतो, याचा दिसत नाही, एवढाच फरक.

पहिली जाते ती झोप. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. दहा बाय बाराच्या खोलीत, सकाळी नळाला पाणी आले की सगळे घर उठते. रात्री एकला आलेला मुलगा सहाला जागा होतो. मग दिवसभर चहा-कॉफीवर रेटायचे. कॉफीचा असर पाच-सहा तासांनीही बराच उरतो, म्हणून संध्याकाळी घेतलेला कप रात्रीची झोप खातो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. कामातून उठायला नको म्हणून त्या पाणीच कमी पितात, लघवी धरून ठेवतात. त्यातून लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. पाळीत जास्त रक्त जात असेल आणि थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. १२ पेक्षा कमी असेल तर तो ॲनिमिया. "कामाचा ताण आहे" म्हणून तो अंगावर काढू नका.

हंगामात काय करायचे?

१. घरून दोन डबे न्या. दुपारी भाकरी-उसळ, संध्याकाळसाठी फुटाणे, शेंगदाणे, केळे. रात्री ऑफिसच्या पिझ्झ्यावर भागवू नका.

२. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहा. तासाला एकदा उठून पाण्याची बाटली भरा. चालणेही होते, पाणीही पोटात जाते.

३. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा लावा.

४. महिन्यातून एकदा महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टरांना दाखवा. वय पंचवीस असले तरी दाखवा.

५. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर पित्त समजून गोळी घेत बसू नका. १०८ ला फोन करा.

हक्क माहीत असू द्या

कामगारांसाठी ४८ तासांचा आठवडा आपोआप आलेला नाही. कारखान्यांमधला ५४ तासांचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर आला, त्या वेळी मजूरमंत्री बाबासाहेब होते. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याला ४८ तास, एक साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि घरी पोचवण्याची सोय लागते. मात्र व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू होत नाही. म्हणून नेमणूकपत्रात आपले पद काय लिहिले आहे ते पहिल्याच दिवशी वाचा.

टाइमशीट खरी भरा. ठरलेल्या तासांत काम बसले नाही की नवी मुले उरलेले तास लिहीतच नाहीत, आपण हळू आहोत असे दिसेल म्हणून. त्याने ते काम कागदावर लहान दिसते, आणि पुढच्या वर्षी तेवढ्याच तासांत दुसऱ्याच्या गळ्यात पडते. वरिष्ठांना स्पष्ट विचारा, "आज तीन कामं आहेत, दोन होतील. आधी कुठलं करू?" यात उद्धटपणा नाही.

विम्याचे कार्डही वाचा. आईवडील त्यात आहेत का, हे आजारपण येण्याआधी कळले पाहिजे.

घरच्यांसाठी

घरातला पहिला पगार त्याचा असतो, कर्जाचा हप्ता त्याच्यावर असतो, म्हणून मूल बोलत नाही. चिडचिड, जेवण टाकणे, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणे, "माझ्याने होणार नाही" असे पुन्हा पुन्हा म्हणणे, ही लक्षणे ओळखा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. मरणाची भाषा निघाली तर एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

हंगामापुरते घरात एवढे ठरवा. झोपायचा कोपरा त्याचा, सकाळी टीव्ही बंद, पाणी दुसऱ्या कुणी भरायचे. आणि एक वाक्य आईवडिलांनी स्वतःहून बोलून ठेवा, "नोकरी गेली तर दुसरी बघू." ते ऐकलेले मूल तब्येत बिघडल्यावर लपवत नाही, वेळेत सांगते. आमच्या कामात वेळेत सांगितलेल्या दुखण्यावरच औषध चालते.