जहाजाच्या इंजिनाचे फेरे आणि इंधन

मुरगाव बंदरात येणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजाचे डीझेल इंजिन मिनिटास १०० च्या आसपासच फेरे घेते. रस्त्यावरील मोटारीचे इंजिन सहज २००० घेते. या मंदपणातच त्याची काटकसर आहे, असे आम्हांस दिसते. फेरे कमी म्हणून घर्षण कमी. शिवाय इंधनास जळावयास पुरेसा अवधी मिळतो. त्यातील जवळजवळ निम्मी उष्णता कामी येते.

हे इंजिन बहुधा पाण्यातील पंख्याच्या दांड्यास थेट जोडलेले असते. आता आपण फेरे १० टक्क्यांनी उतरवू. पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, लागणारी शक्ती घनाप्रमाणे. ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे शक्ती २७ टक्क्यांनी कमी पुरली! प्रवास लांबला हे खरे; पण तेही हिशेबात धरले, तरी १०० टनांच्या जागी सुमारे ८१ टन इंधनात भागते. २००८ नंतर अनेक जहाज-कंपन्यांनी याच हिशेबाने वेग उतरविले. मालाचा धनी मात्र उशिरामुळे कुरकुरतो, आणि त्याचेही चुकत नाही.

तथापि मंदपणासही सीमा आहे. फेरे फारच उतरले, की हवा पुरविणारा टर्बोचार्जर मंदावतो, ज्वलन अपुरे राहते व इंजिनात काजळी साचू लागते.