जुनं काय बदललं, ते आधी वाच

बाळा, काल फोनवर तू म्हणालास की शनिवारी रात्री पीजीबाउन्सर बदलायचाय, 1.20 वरून थेट 1.24 वर, आणि काम तासाभराचं आहे. पॅकेज बदलायला तासही लागत नाही. पण या चार पावलांत आतल्या सवयी बदलल्यात, आणि त्यांपैकी एकीने माझी अख्खी रात्र खाल्ली होती. म्हणून लिहून पाठवते आहे.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते आमचे साहेब ओरॅकलच्या काळातले. नव्या व्हर्जनचे कागद आले की ते पेन्सिल घेऊन बसायचे आणि नवीन सुविधांची पानं सरळ बाजूला ठेवायचे. नवीन गोष्ट आपण वापरली नाही तर ती आपल्याला काही करत नाही. जी गोष्ट आपण रोज वापरतो तिचा अर्थ बदलला, तर ती आपल्याला न विचारता वेगळी वागते. त्यामुळे ते आधी डिफॉल्ट कुठे बदललंय तेवढंच शोधायचे. तूही तसंच कर. हा एकच कानमंत्र. बाकी सगळा त्याचा तपशील.

पीजीबाउन्सर नक्की काय करतो हे तुला तोंडपाठ असेल, तरी माझ्या पद्धतीने पुन्हा ऐक. लहानपणी माझ्याकडे राहायला यायचास तेव्हा आपण जेट्टीवरून होडीने खाडीपलीकडे गोराई गावात जायचो. रविवारी केवढी गर्दी, तरी मोजक्या होड्या पुरायच्या, कारण पलीकडे उतरलं की होडी दुसऱ्याची झाली. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतो आणि मुळात शंभरच कनेक्शन घेतो. प्रत्येक ग्राहकाला दिवसभर स्वतःची होडी दिली तर खाडी भरून जाईल. म्हणून 2007 मध्ये स्काइपच्या लोकांनी ग्राहक आणि पोस्टग्रेस यांच्यामधला हा हलका प्रोग्राम बाहेर आणला. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये एक ट्रान्झॅक्शन म्हणजे एक फेरी. पुढच्या फेरीला तीच होडी मिळेल असं नाही, त्यामुळे होडीत ठेवलेली पिशवीही सापडणार नाही. सेट करून ठेवलेली सेटिंग, लिसन, सेशनवर घेतलेलं ॲडव्हायजरी लॉक या सगळ्या त्या पिशव्या.

आता माझी रात्र. 1.23 मध्ये, म्हणजे जुलै 2024 मध्ये, सिगटर्म या सिग्नलचा अर्थ बदलला. आधी सिगटर्म पाठवला की पीजीबाउन्सर तिथल्या तिथे बंद व्हायचा. आता तो नवीन ग्राहक घेणं थांबवतो, पण जुने ग्राहक आपणहून जाईपर्यंत जिवंत राहतो. मुद्दाम केलेली आणि चांगली सोय आहे ही, कुणालाही न तोडता रिस्टार्ट करता यावं म्हणून. पण आमचा पीजीबाउन्सर कंटेनरमध्ये होता, आणि कंटेनर थांबवताना आधी सिगटर्मच जातो. डॉकर साधारण दहा सेकंद वाट पाहून प्रोसेस मारून टाकतो. आम्ही कधीतरी कुठल्याशा दुसऱ्या कारणाने ती मुदत पाच मिनिटं केली होती आणि विसरलो होतो. आमचं ॲप्लिकेशन कनेक्शन धरून बसणारं, ते कशाला आपणहून जाईल? पाच मिनिटं जुने ग्राहक काम करत राहिले आणि नव्या प्रत्येकाला दार बंद. मॉनिटरिंगवर पीजीबाउन्सर जिवंत दिसत होता, म्हणून आम्ही नेटवर्क शोधत बसलो, फायरवॉल शोधत बसलो. कंटेनर शेवटी मारला गेला, नवा उठला, सगळं सुरळीत झालं, आणि कारण न कळल्यामुळे आम्ही तेच आणखी दोनदा केलं. पहाटे चारला बदलांची यादी पहिल्यापासून वाचली तेव्हा ते वाक्य सापडलं. स्पष्ट लिहिलेलं होतं: जुनी वागणूक हवी असेल तर सिगक्विट पाठवा.

तेव्हा शनिवारच्या आधी तुमच्याकडे पीजीबाउन्सर कोण थांबवतं आणि कुठला सिग्नल पाठवतं ते शोध. सिस्टिमडीची सर्व्हिस फाइल, कंटेनरची फाइल, कुणी हाताने लिहून ठेवलेली स्क्रिप्ट, तिन्ही उघडून बघ. सिगइंट चालू काम संपवून थांबतो, म्हणजे फेरी पूर्ण होते पण जेट्टीवरच्या रांगेतले परत पाठवले जातात. बऱ्याच ठिकाणी तो पुरेसा असतो.

कुणालाच परत पाठवायचं नसेल तर एकाच पोर्टवर दोन पीजीबाउन्सर चालव. त्यासाठी सो_रियूजपोर्ट हे सेटिंग आहे. एकाला सिगटर्म दे. त्याचे ग्राहक हळूहळू सुटतात आणि नवे दुसऱ्याकडे जातात. अट एवढीच की ॲप्लिकेशनने आपली कनेक्शनं अधूनमधून बदलली पाहिजेत. जावाचा हिकारी पूल वापरत असाल तर त्यात कनेक्शनची मुदत मुळात अर्ध्या तासाची असते, तेवढा धीर धर. दोन चालवताना पीअर्सचा विभागही भर, तो 1.19 पासून आहे. नाहीतर एखाद्याने क्वेरी रद्द करायला सांगितली की निरोप भलत्याच प्रोसेसकडे जातो आणि क्वेरी चालूच राहते. आणि तुमच्याकडचा कुणी जुना माणूस आर पर्याय देऊन ऑनलाइन रिस्टार्ट करत असेल तर त्याला सांग, 1.20 पासून ती वाट सोडून द्यायला सांगितलेली आहे.

आता ज्यासाठी तुमच्या टीमला अपडेट हवंय ते, प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स. ऑक्टोबर 2023 च्या 1.21 पासून ट्रान्झॅक्शन मोडमध्येही ती चालतात. कुठल्या होडीत कुठलं स्टेटमेंट तयार आहे याची नोंद पीजीबाउन्सर स्वतः ठेवतो, आणि नसेल तिथे आयत्या वेळी तयार करून देतो. पीजीबाउन्सरवाल्यांच्याच कृत्रिम चाचण्यांत कामाप्रमाणे 15 ते 250 टक्के जास्त क्वेरी निघाल्या. मला ही सुधारणा मनापासून आवडते, कित्येक वर्षं आम्ही तिच्याशिवाय काढली. पण मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स हा आकडा तेव्हा शून्य होता, म्हणजे सोय बंद. जानेवारी 2025 च्या 1.24 मध्ये तो 200 झाला. तुमच्या फाइलमध्ये ती ओळच नसेल, तर शनिवारी रात्री ती सोय आपोआप चालू होईल. चालू होऊ दे, पण तुला माहीत असू दे. कुणी टेबलचा रकाना बदलला की जुनी तयार स्टेटमेंट्स एरर देऊ शकतात. मायग्रेशननंतर ॲडमिन कन्सोलवर रीकनेक्ट चालवायची सवय लाव. आणि जावावाल्यांनी पूर्वी पीजीबाउन्सरपायी ड्रायव्हरमधला प्रिपेअरथ्रेशोल्ड शून्य केला असेल. तो तसाच राहिला तर तुमचा काहीच फायदा होणार नाही. एसक्यूएलमध्ये हाताने लिहिलेलं प्रिपेअर मात्र अजूनही यात येत नाही.

घेणारच असशील तर 1.24.0 नको, 1.24.1 किंवा त्याच्या पुढचं घे. एप्रिल 2025 मध्ये 1.24.1 सुरक्षेसाठीच काढलं. पासवर्ड शोधणारी ऑथ_क्वेरी पोस्टग्रेसमधली पासवर्डची मुदत बघतच नव्हती, त्यामुळे मुदत संपलेल्या पासवर्डनेही आत जाता येत होतं. त्यांनी दुरुस्त केली ती त्यांची डिफॉल्ट क्वेरी. तुमच्या टीमने स्वतःची लिहिली असेल तर पॅकेज कितीही नवं घातलं तरी ते भोक तसंच राहतं. ती उघड, मुदत उलटलेल्याला पासवर्ड रिकामा जातो का ते तपास. हे शनिवारसाठी ठेवू नकोस, आजच बघ.

सुरू करण्याआधी शो पूल्सचं चित्र जपून ठेव: किती ग्राहक थांबलेत, सगळ्यात जास्त वाट किती वेळ. नंतर तुलनेला तेच लागतं. पॉजचा मोह टाळ. तो मागचा पोस्टग्रेस रिस्टार्ट करताना कामाचा, पीजीबाउन्सर स्वतः बदलताना नाही. जुनं पॅकेज त्याच मशीनवर हाताशी असू दे.

आणि स्टेजिंगवर रिकामा पीजीबाउन्सर थांबवून बघू नकोस, तो नेहमीच लगेच थांबतो. दहा-वीस ग्राहक जोडलेले ठेव, मग थांबव, आणि किती सेकंद लागले ते शुक्रवारी मला फोन करून सांग.