बटण दाबण्याआधी वाच

ठाणे

चि. मृण्मयी हिस,


क्रिप्टोसाठी लेजर नॅनो एक्स हे हार्डवेअर वॉलेट घेतलंस हे कळलं, बरं वाटलं. एक्स्चेंजच्या भरवशावर सगळं टाकून निर्धास्त बसणाऱ्यांपेक्षा तू शहाणी निघालीस. आता ते मोबाइलच्या ॲपला जोडायचंय आणि ब्लूटूथची धास्ती वाटतेय, असं तू लिहिलंस. ती धास्ती मनातून काढून टाक. काळजी घ्यायची ती दुसऱ्याच जागी.

मुळात काय चालतं ते आधी समजून घे. व्यवहारावर सही करणारी तुझी प्रायव्हेट की त्या डिव्हाइसमधल्या चिपमध्ये तयार होते आणि तिथेच राहते. फोनकडे जाते ती फक्त पब्लिक की. तिच्यावरून ॲप तुझे पत्ते आणि शिल्लक दाखवू शकतं, पण पैसे हलवू शकत नाही. पैसे पाठवायचे झाले की ॲप व्यवहाराचा मसुदा तयार करतं, ब्लूटूथवरून डिव्हाइसकडे धाडतं. तू बटणं दाबून मंजुरी दिलीस की आत सही होते आणि सही केलेला व्यवहार फोनकडे परत येतो. मधल्या वाटेवर कुणी कान लावून बसला, तरी त्याला प्रायव्हेट की सापडत नाही.

ॲप मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच घे. स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरंच असेल, असं धरू नकोस. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये लेजरच्या नावाचं बनावट ॲप आलं होतं, आणि त्यावर विसंबलेल्या लोकांचे साडेसात लाख डॉलरहून अधिक गेले. डिव्हाइसचंही तसंच. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली. सुमारे पावणेतीन लाख लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी टपालाने बनावट डिव्हाइस आली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र. तेव्हा कुणी ‘बदलून देतो’ म्हणून पाठवलेलं डिव्हाइस किंवा सीड फ्रेजचे, म्हणजे प्रायव्हेट की परत मिळवून देणारे, चोवीस शब्द आधीच लिहिलेलं कार्ड आलं, तर ते वापरायचं नाही. शब्द तुझ्या डोळ्यांसमोर, तुझ्या डिव्हाइसच्या स्क्रीनवरच उमटले पाहिजेत.

जोडणी सोपी आहे. आधी डिव्हाइसला पिन दे, चोवीस शब्द कागदावर उतरवून घे, मग फोनचं ब्लूटूथ चालू कर. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगीही मागतात, तिथे घाबरू नकोस. दोन्हीकडे एक कोड दिसेल. तो आकडा आकड्याशी ताडून मगच मंजुरी दे. जोडणी अडकली तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून डिव्हाइस काढून टाक, डिव्हाइसमधूनही जुनी जोडणी पूस आणि पुन्हा सुरुवात कर. बहुतेकदा दुसरं एखादं ॲप मागे उघडं असतं आणि डिव्हाइस त्याच्याशीच बोलत बसलेलं असतं.

मेटामास्कसारखं दुसरं वॉलेट ॲप जोडशील तेव्हा तिथे दोन वाटा दिसतील: एक हार्डवेअर वॉलेट जोडण्याची, दुसरी सीड फ्रेज टाकून वॉलेट आत घेण्याची. दुसरी वाट लवकर सापडते, आणि तिथेच माणसं फसतात. ते चोवीस शब्द एकदा का फोनच्या कीबोर्डवर टाइप केलेस, की डिव्हाइससाठी मोजलेले पैसे पाण्यात गेले. शब्दांचा फोटो नाही, ड्राइव्हवर फाइल नाही, स्वतःलाच व्हॉट्सॲप नाही.

आता खरी गोष्ट. फोनच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणारे व्हायरस आहेत. तुझ्या ओळखीच्या पत्त्याशी पहिली-शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता मुद्दाम बनवून, तो तुझ्या व्यवहारांच्या यादीत घुसवणारे ठगही आहेत. इथेरियमचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. डिव्हाइसच्या इवल्याशा स्क्रीनवर तो उजवं बटण दाबत तुकड्यातुकड्याने वाचावा लागतो. कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. तरीही मधली अक्षरंसुद्धा वाच. पैसे घेतानाही ॲपमधला पत्ता डिव्हाइसवर पडताळून मगच समोरच्याला दे.

काही व्यवहारांत डिव्हाइसवर नुसती आकड्या-अक्षरांची रांग येते, कुणाला काय चाललंय ते कळतच नाही. याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. कोऱ्या चेकवर सही करण्यासारखंच आहे ते. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले. संगणकावर दिसणारं एक आणि प्रत्यक्षात सही झाली ती दुसऱ्याच मजकुरावर, असं त्यांच्या निवेदनात होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले, तेही समोरच्या स्क्रीनवरचं चित्र बदलून. या कंपन्यांकडे हार्डवेअर वॉलेटं होती, सह्या करणारी माणसं अनेक होती. म्हणून सांगतो, ब्लाइंड सायनिंग बंदच ठेव. एखादं ॲप त्याशिवाय चालत नसेल, तर ते ॲप तुझ्या कामाचं नाही.

सगळी रक्कम एकदम हलवू नकोस. आधी थोडीशी पाठव, पोचली का ते बघ. मग मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाक. डिव्हाइस स्वतःला पुसून टाकेल. कागदावरचे शब्द घालून ते परत उभं कर. तीच शिल्लक दिसली तर कागद बरोबर लिहिलाय. हे रिकाम्या खिशाने करायचं काम आहे, भरल्या खिशाने नाही. तो कागद कुठे ठेवलाय हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असू दे, नाहीतर तुझ्यामागे ते पैसे कुणाच्याच हाती लागायचे नाहीत.

कराचंही बघ. विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. वॉलेट बदललं तरी खरेदीच्या नोंदी जपून ठेव.

रविवारी डिव्हाइस हातात घेऊन बस आणि कुठे अडलं तर मला फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. डिव्हाइसच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. ते चोवीस शब्द मात्र मलाही सांगू नकोस, मी मागितले तरी.

तुझा,
मामा